निजलेल्या बाळाला उठवायचं का?



"बाळ निजलंय, उठवू नका गं." ओल्या बाळंतिणीच्या घरी हे वाक्य आपण सगळ्याच ऐकतो. शांत बाळ म्हणजे गुणी बाळ, असं आपल्याला वाटतं. पण पहिल्या दोन आठवड्यांत फार झोपणारं बाळ उपाशीही असू शकतं. बाळाला कधी पाजायचं आणि कधी निजू द्यायचं, याबद्दलचे सल्ले शंभर वर्षांत कसे बदलले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

न्यूझीलंड देशात डॉ. ट्रुबी किंग यांनी १९०७ साली बालसंगोपनाची एक चळवळ सुरू केली. आईचंच दूध चांगलं, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण त्यांनी पाजणं घड्याळाला बांधलं. दर चार तासांनीच पाजायचं, रात्री पाजायचंच नाही. बाळ रडलं तरी वेळ होईपर्यंत थांबायचं. ही शिस्त इंग्लंडपर्यंत पोहोचली. त्यात एक गोष्ट राहून गेली. बाळ जितकं ओढतं, तितकं दूध येतं. पाजणं कमी झालं की दूधही कमी होतं.

पुढे विचार बदलला. १९९१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बाळस्नेही रुग्णालयांचा उपक्रम सुरू केला. बाळ मागेल तेव्हा पाजा, असं त्यात सांगितलं. हे योग्यच आहे. पण जे बाळ मागतच नाही, त्याचं काय? कमी वजनाचं, दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेलं किंवा कावीळ झालेलं बाळ गुंगीत पडून राहतं. दूध कमी, म्हणून अंगात ताकद कमी. ताकद कमी, म्हणून झोप आणखी जास्त. या फेऱ्यात बाळ न रडताच खचत जातं.

याचं उत्तर शोधणारं मोठं काम आपल्याच गडचिरोलीत झालं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. या आरोग्यदूत बाया बाळाचं वजन करायच्या, ताप पाहायच्या, आईला पाजायला मदत करायच्या. ओढणं कमी झालं, रडणं क्षीण झालं, बाळ मलूल पडलं, या खुणा त्या ओळखायच्या आणि उपचार करायच्या. पूर्वी तिथे हजार बाळांमागे सुमारे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ पर्यंत तो आकडा २५ च्या आसपास आला. २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, त्यामागे हेच काम आहे.

मग आपण काय करायचं? जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं. चीक पिळून टाकू नये. मध, गुटी, पाणी काही देऊ नये. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं. बाळाचं वजन जन्माइतकं भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, तीन तासांवर गेलं तर उठवावं. दुपटं सोडावं, लंगोट बदलावा, तळपाय चोळावेत, उघड्या छातीशी धरावं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा लंगोट ओले होत असतील, तर पोट भरतंय. पाजून झालं की बाळाला उताणं निजवावं. उठवूनही बाळ ओढत नसेल, अंग गार किंवा गरम लागत असेल, श्वास जोरात चालत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०२ किंवा १०८ ला फोन करावा.

आणि एक. दर तीन तासांनी उठणाऱ्या आईलाही झोप हवी. लंगोट बदलणं, बाळाला उठवून तिच्याकडे देणं, दिवसा तिला निजू देणं, हे सासूबाई, जाऊबाई आणि बाळाचे बाबाही करू शकतात. आपल्या गटातली कुणी बाळंत झाली, तर हप्त्याची आठवण करायच्या आधी तिच्या घरी एक चक्कर मारूया. "बाळ शेवटचं कधी प्यायलं?" एवढं विचारूया.