'आपण'चं कूळ

देवळाली प्रवरातल्या कुठल्याही ओट्यावर घटकाभर बसावं. 'आपण' हा शब्द निरनिराळ्या माणसांसाठी कानावर येतो. दारात अनोळखी पाहुणा आला की 'आपण कुठले?', म्हणजे तो. 'चला, आपण राहुरीला जाऊन येऊ', म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघंही. 'आपुन नाय त्या भानगडीत पडत', म्हणजे फक्त मी. आणि 'ज्याने त्याने आपण आपलं बघावं', म्हणजे ज्याचा तो. एवढा गोतावळा एका शब्दात कसा नांदतो?

मूळपुरुष संस्कृतातला 'आत्मन्'. आत्मा म्हटलं की आज कीर्तन आठवतं, नाहीतर दहावा. पण या शब्दाचा जुना अर्थ साधा होता: श्वास. ऋग्वेदात वाऱ्याला देवांचा आत्मा म्हटलं आहे. जर्मन भाषेत श्वासाला 'आटेम' म्हणतात, तो याच कुळातला भाऊबंद. श्वास चालतो तोवर माणूस, म्हणून श्वासाचा शब्द माणसाच्या 'स्व'ला लागला.

लोकांच्या तोंडी 'त्म' टिकला नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात गिरनारच्या खडकावर कोरलेल्या अशोकाच्या बाराव्या लेखात 'आत्प' असं रूप आहे. 'त'ला 'प' चिकटला, पुढे 'त' गळाला आणि प्राकृतात 'अप्पा', 'अप्पाण' ही रूपं आली. वररुचीने 'प्राकृतप्रकाशा'त त्यासाठी सूत्र घातलं आहे. त्यातूनच मराठी आपण, आपला, आपोआप, हिंदी आप आणि अपना, गुजराती आपणे. 'आत्मा' मराठीने संस्कृतातून जसाच्या तसा पुन्हा उचलला. तोंडातोंडी चालत आलेला खरा वारस 'आपण'च.

गिरनारच्या त्या लेखाचं सांगणं असं, की आपल्या पंथाची उगाच स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. हाच लेख अशोकाने ग्रीक भाषेतही कोरवला होता. त्याच्या शेवटाचा भाग असलेली शिळा १९६३ साली कंदाहारमध्ये सापडली. गिरनारला जिथे 'आत्प' आहे, तिथे कंदाहारच्या शिळेवर 'हेआउतुस' आहे, म्हणजे 'स्वतःला'. डेल्फीच्या देवळावर 'स्वतःला ओळख' असं कोरलेलं होतं, त्यातला 'स्वतः'ही या 'हेआउतुस'च्याच घराण्यातला. आपल्या 'आपण'चा पूर्वज आणि ग्रीकांचा 'स्वतः' एकाच राजाज्ञेत असे समोरासमोर उभे आहेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

डेल्फीचं ते वाक्य आयुष्यभर मनावर घेतलं सॉक्रेटिसाने. अथेन्समधल्या एका पाथरवटाचा हा मुलगा, आई सुईण. त्याने स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. बाजारात, व्यायामशाळेत माणसं गाठून तो विचारत राहिला, आणि इ.स.पू. ३९९ मध्ये सत्तरीच्या घरात विषाचा पेला प्यायला. ग्रीकांचा 'प्सुखे' हा शब्दही मुळात फुंकरीचा, श्वासाचा. होमरच्या काव्यात तो मरताना देह सोडून जाणारी छाया होता. सॉक्रेटिस म्हणाला, पैसा आणि नाव यांच्याआधी या 'प्सुखे'ची काळजी घ्या, कारण तुम्ही म्हणजे तेच.

प्लेटोच्या नावावर असलेल्या 'अल्किबियादिस' या संवादात (तो प्लेटोचाच का, यावर विद्वानांत वाद आहे) सॉक्रेटिस विचारतो: चांभार आणि त्याची रापी एकच का? नाही, वापरणारा वेगळा आणि हत्यार वेगळं. मग देह वापरणारा कोण? आणि त्याला पाहायचं कसं? तो म्हणतो, डोळ्याला स्वतःला पाहायचं तर दुसऱ्याच्या डोळ्यात पाहावं लागतं, तिथल्या बाहुलीत. ग्रीकातही त्या जागेला 'कोरे' म्हणतात, म्हणजे मुलगी, बाहुली. समोरच्याशिवाय स्वतः दिसत नाही, हे तिथे एका संवादाने सांगितलं. मराठीत त्याच अनुभवाला एक सर्वनाम आहे: 'स्वतः' म्हणणाऱ्या शब्दात समोरचाही बसलेला आहे. 'आम्ही जातो' म्हटलं की ऐकणारा मागे राहतो, 'आपण जाऊ' म्हटलं की तो बरोबर येतो. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' असा हाच भेद आहे.

देवळालीने जिचं नाव लावलं ती प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी झाली. सहाव्या अध्यायात आत्म्याने आत्म्याला वर काढावं असं गीता म्हणते, तिथे ज्ञानदेवांच्या ओवीत 'आपण' येतो. संस्कृतातला आत्मा त्यांनी शेजाऱ्याला कळेल अशा घरच्या शब्दात आणला. पुणतांब्याच्या चांगदेवांची कथाही आठवते. ज्ञानदेवांना काय म्हणून संबोधावं हे न उमगल्याने त्यांनी कोरंच पत्र पाठवलं, आणि उत्तरादाखल आलेल्या पासष्ट ओव्यांत पाहणारा आणि दिसणारा वेगळे नाहीत हे आरशाच्या दाखल्याने सांगितलेलं आहे.

शाळेत 'आपण' आणि 'स्वतः' ही आत्मवाचक सर्वनामं म्हणून पाठ करून घेतात. त्या नावातला 'आत्म' आणि 'आपण' हे एकच रक्त आहे, हे मात्र मुलांना क्वचितच कळतं. प्रवराकाठच्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे: तो धडा येईल तेव्हा फळ्यावर आत्मन्, आत्प, अप्पाण, आपण एवढे चार शब्द एकाखाली एक लिहा.