वापरलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट : फ्रँचायझी दुकानदारांची जबाबदारी

भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झाले आणि केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते मर्यादित असलेले २००१ चे नियम रद्द होऊन मोबाइलमधील लिथियम बॅटऱ्यांपासून विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांपर्यंत सर्व प्रकार कायद्याच्या कक्षेत आले. ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ हे त्यांचे मुख्य तत्त्व असून, विकलेला माल निरुपयोगी झाल्यावर तो गोळा करून पुनर्चक्रण करवून घेण्याचे बंधन उत्पादकावर असते. फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याच्या नाममुद्रेखाली परवान्याने चालणारे दुकान; त्याचा मालक पुरवठादाराच्या नाममुद्रेचा माल विकत असेपर्यंत उत्पादक ठरत नाही, परंतु स्वतःच्या नाममुद्रेने बॅटरी विकल्यास किंवा ती आयात केल्यास ठरतो व त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हा भेद अनेकदा दुर्लक्षिला जातो, म्हणून करारपत्रात तो स्पष्ट असणे अत्यावश्यक आहे. दुकानाच्या स्वतःच्या वापरातील इन्व्हर्टरच्या बॅटऱ्याही इतर कचऱ्यात न मिसळता संकलक किंवा पुनर्चक्रणकर्त्याकडेच सोपवाव्या लागतात. साठवणीत लिथियम बॅटऱ्यांची टोके चिकटपट्टीने झाकावीत, कारण त्यांचा परस्परस्पर्श झाल्यास आग लागू शकते.