दिल्ली आधी, मुंबई नंतर

‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी आपल्या ९६च्या दहावीच्या तुकडीने ‘व्यत्यय’ हा मराठी शब्द कळण्याच्या कितीतरी आधी वाचली. आपल्या गावात टीव्ही आला तो हिंदी बोलतच. असं का झालं, ते मला इंजिनिअरिंगला कम्युनिकेशनचा विषय शिकताना उमगलं. रामायणाच्या रविवारांबद्दल बाकीचे लिहितीलच, म्हणून मी हे लिहिते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि पुणेकरांना मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. मुंबईचा कार्यक्रम जमिनीवरून आणखी पुढे न्यायचा तर टप्प्याटप्प्याने मनोरे उभारत जायला हवं. काम खर्चिक आणि संथ. त्यामुळे ‘गजरा’, ‘आमची माती, आमची माणसं’ ही नावं आपल्या आईवडिलांनी ऐकली असतील फक्त पाहुण्यांकडून.

मग उपग्रह आला. १९८२च्या एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए सप्टेंबरातच निकामी झाला. १९८३च्या ऑगस्टअखेरीस चॅलेंजर यानातून गेलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला. त्याच्या भरवशावर १९८४ मध्ये काही महिने देशात जवळपास रोज एक नवं लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र सुरू होत होतं. अशा केंद्राची ताकद १०० वॅट, म्हणजे आपल्या घरातल्या मोठ्या पिवळ्या बल्बाएवढी! गाव आणि आसपासची खेडी, एवढाच आवाका. तिथे स्टुडिओ नव्हता. एक डिश, एक ट्रान्समीटर, एक मनोरा. वरून येईल ते खाली सोडायचं. आणि वर होती दिल्ली.

मुंबईलाही उपग्रहावर चढवायला काय हरकत होती? जागा नव्हती. इन्सॅट-१बीवर टीव्ही प्रसारणासाठीचे एस-बँडचे ट्रान्सपाँडर होते अवघे दोन, आणि तेव्हाच्या अॅनालॉग पद्धतीत एका वाहिनीला बहुधा एक अख्खा ट्रान्सपाँडर लागे. इतक्या भाषांचा देश आणि दोन खिडक्या! दोष कुणाला द्यावा? पण मुंबईहून पाचशे किलोमीटरवरच्या मराठी पोराला कुठली भाषा आधी ऐकू येणार, हे या आकड्याने ठरवलं. काही वर्षांनी मुंबईला उपग्रहावर जागा मिळाली आणि संध्याकाळच्या मराठी बातम्या आपल्याकडे पोचल्या.

या सगळ्यात मला आवडतो तो रंगाचा किस्सा. १५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत प्रसारण सुरू झालं, तरी जुने कृष्णधवल संच चालूच राहिले. उजेड-अंधाराचं चित्र जसंच्या तसं ठेवून रंगाची माहिती वेगळ्या उपवाहक लहरीवर बसवली होती. नवा संच ती वाचे, जुना तिच्याकडे काणाडोळा करी. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवी आवृत्ती काढताना जुन्या ग्राहकाचा इतका विचार क्वचितच करतो.

भाषांची अडचण सुटली ती डिजिटल पद्धतीमुळे. दर सेकंदाला २५ चित्रं पूर्ण पाठवण्याऐवजी आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच बरंचसं पाठवायचं. असं आकसून घेतलं की एका ट्रान्सपाँडरमध्ये दहा-बारा वाहिन्या सहज मावतात. आज मराठी वाहिन्यांची रांग लागली आहे, ती या गणिताच्या जोरावर. (त्यांवर काय दाखवतात, हा वेगळा विषय!)

मात्र इथे रंगाच्या वेळची माया उरली नाही. अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं मार्च २०२२ पर्यंत बहुतेक सगळी बंद झाली आणि छतावरच्या अँटेनाला आता मुंग्यांखेरीज काही दिसत नाही.

कुणाच्या माळ्यावर शटरवाला टीव्ही अजून असेल तर पुढच्या मेळाव्याला जरूर घेऊन या. सेट-टॉप बॉक्स आणि मधे लावायचा मॉड्युलेटर मी आणते. आजची मराठी मालिका त्यावर दिसेल, कृष्णधवल.