धनी परदेशी, अडत्या इथला

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. मुंबईहून गासड्या जहाजावर चढत. धनी मात्र सातासमुद्रांपलीकडे. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले. अशा वेळी मालाचे पैसे अडले तर मागायचे कोणाकडे? इथला अडत्या म्हणणार, "मी तर नुसता निरोप्या!"

पुढे सातच वर्षांनी, १८७२ च्या करार कायद्यात, कलम २३० आले. एरवी धन्याच्या करारात अडत्या स्वतः अडकत नाही. पण परदेशी राहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी त्याने माल घेतला वा विकला, किंवा धन्याचे नावच सांगितले नाही, तर देणे त्याच्याही अंगावर आहे असे कोर्टाने धरून चालावयाचे. करारात उलट लिहिले असेल तर मात्र नाही. आणि तेवढी एक ओळ घालून घ्यायला चतुर अडत्या विसरेल कसा?