मागणीपत्रातले तीन ठराव

१० मार्च १९९८ रोजी, ल्हासातील उठावाच्या स्मृतिदिनी, तिबेटी युवक काँग्रेसचे सहा निर्वासित दिल्लीत जंतरमंतर परिसरात आमरण उपोषणाला बसले. त्यांच्या मागण्यांत मानवी हक्कांच्या चौकशीसाठी अधिकारी नेमावा, खास दूत पाठवावा, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत घ्यावे, असे सारे होते. मात्र अग्रभागी होती ती चर्चेची मागणी: १९५९, १९६१ आणि १९६५ च्या ठरावांच्या आधारे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिबेटचा प्रश्न पुन्हा हाती घ्यावा. प्राण पणाला लावणाऱ्यांनी जुन्या ठरावांवर एवढी भिस्त का ठेवली, हे त्या ठरावांतच शोधावे लागते.

शोध १९५० पासून सुरू होतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्याने पूर्व तिबेटातले चामदो घेतले. ७ नोव्हेंबरची तारीख असलेली तिबेट सरकारची तार संयुक्त राष्ट्रांकडे गेली ती भारतातल्या कालिम्पाँगहून. तिची इंग्रजी सफाईदार आहे. मसुद्याला बाहेरचा हात लागला असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. तर्क बाजूला ठेवला तरी पुढचे इतिवृत्त स्पष्ट आहे. एल साल्वादोरने विषय मांडला आणि २४ नोव्हेंबरला आमसभेच्या सर्वसाधारण समितीने तो लांबणीवर टाकला. भारताची बाजू नवानगरचे जामसाहेब मांडत होते. हा प्रश्न अजूनही शांततेने सुटू शकेल, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. समितीने विषय फेटाळलेला नाही, पुढे ढकलला आहे. हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

विषय परत आला तो दलाई लामा निर्वासित झाल्यावर. सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांना आवाहन केले. आयर्लंड आणि मलाया यांनी ठराव मांडला. २१ ऑक्टोबरला ४५ विरुद्ध ९ मतांनी तो संमत झाला, २६ देश तटस्थ राहिले. तिबेटी लोकांचे मूलभूत हक्क आणि त्यांचे वेगळे धार्मिक-सांस्कृतिक जीवन यांचा आदर व्हावा, एवढेच त्यात म्हटले आहे. चीनचे नाव नाही, स्वातंत्र्याचा उल्लेख नाही.

२० डिसेंबर १९६१ चा ठराव याच्याशेजारी ठेवला की पाऊल किती पुढे पडले ते दिसते. ५६ विरुद्ध ११ मतांनी (२९ तटस्थ) संमत झालेल्या या ठरावात तिबेटी लोकांच्या हक्कांमध्ये स्वयंनिर्णयाचा हक्क स्पष्टपणे धरला आहे. सार्वमताच्या मागणीला तिन्ही ठरावांत सर्वांत भक्कम आधार मिळतो तो इथे.

या दोन्ही वेळी भारत तटस्थ होता. १८ डिसेंबर १९६५ रोजी तिसरा ठराव ४३ विरुद्ध २६ मतांनी संमत झाला, २२ देश तटस्थ राहिले. आणि यावेळी भारताचे मत बाजूने पडले. भारतातर्फे बोलले डॉ. रफिक झकेरिया, औरंगाबादहून निवडून आलेले महाराष्ट्राचे मंत्री. मत का बदलले? दुसऱ्या आणि तिसऱ्या मतदानांच्या मध्ये चीनशी झालेले १९६२ चे युद्ध आहे, आणि तिसऱ्या मतदानाच्या तीनच महिने आधी, १६ सप्टेंबरला, सिक्कीम सीमेवरची लष्करी बांधकामे हटवा, असा चीनचा निर्वाणीचा इशारा आहे. तारखांचा क्रम बोलका आहे. तरी क्रम म्हणजे कारण नव्हे. युद्धाचा परिणाम हे अनुमानच मानावे. भारताचे मत मात्र अनुमान नाही, ते नोंदलेले आहे.

त्यानंतर आमसभेच्या दफ्तरात तिबेटवर एकही ठराव नाही. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी चीनची जागा पेकिंगच्या सरकारला मिळाली. सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार त्या जागेबरोबरच आला. तिबेटबद्दलच्या मौनाचे ते एक कारण असणार, पण एकमेव म्हणता येत नाही. १९६५ ते १९७१ ही सहा वर्षे त्याने उलगडत नाहीत. २३ ऑगस्ट १९९१ रोजी मानवी हक्क उपआयोगाने तिबेटवर ठराव केला, पण तो आमसभेचा नव्हता.

आता पुन्हा १९९८. चीनचे लष्करप्रमुख फू छ्वान्यू एप्रिलच्या अखेरीस भारतभेटीवर आले. उपोषणाच्या ४९ व्या दिवशी, २७ एप्रिलला, पोलीस उरलेल्या उपोषणकर्त्यांना उचलून नेत असताना थुप्तेन ङोडुप यांनी स्वतःला पेटवून घेतले. त्या क्षणाचे चित्रीकरण आहे. भारतीय लष्कराच्या तिबेटी दलात त्यांनी नोकरी केली होती आणि उपोषणाच्या पुढच्या तुकडीत त्यांचे नाव होते. २९ एप्रिलला ते गेले. निर्णय आधीचा होता की त्या सकाळचा, हे चित्रफितीवरून ठरवता येत नाही, आणि ठरवण्याचा अट्टहास करू नये.

कागदांवरून सिद्ध होते ते असे. हे निर्वासित जगाकडे नवा दावा घेऊन आले नव्हते. जगाने तीनदा मान्य केलेल्या आणि मग सोडून दिलेल्या कामाची पुढची तारीख ते मागत होते. त्या कामात आमसभेत भारताचे शेवटचे नोंदलेले मत त्यांच्या बाजूचे आहे, आणि ते आजवर कुठल्याही ठरावाने बदललेले नाही.