आधी फेरफार, मग सातबारा

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा हे माझं गाव. लहानपणी आजोबांचं बोट धरून पटवाऱ्याकडे जायचो, तेव्हा कपाटात कापडात बांधलेले बस्ते दिसायचे. आजोबांनी सर्व्हे नंबर सांगितला, की पटवारी नेमका तोच बस्ता ओढायचा. पुढे संगणकाच्या नोकरीत माझं सगळं आयुष्य अशाच दप्तरात गेलं. फक्त बस्त्याच्या जागी डिस्क आली आणि दप्तराला डेटाबेस म्हणू लागले.

आपलं वऱ्हाड १८५३च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं इथं मोजणी सुरू झाली, शेताशेताला नंबर पडले. स्वातंत्र्यानंतर १९६६चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला. गाव नमुना सात आणि बारा मिळून सातबारा होतो, हे सर्वांना ठाऊक असतं. पण त्याच्या आधीचा गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

शेत विकलं, वारस लागला, तर पटवारी थेट सातबाऱ्यावर नाव खोडत नसे. आधी फेरफार वहीत पुढच्या क्रमांकावर नोंद करी. सातबाऱ्यावर तो क्रमांक फक्त पेन्सिलीनं टिपे. नोटिसा जात, हरकतीची मुदत संपे, वरचा अधिकारी नोंद मंजूर करी आणि मगच शाई लागे. फेरफार वहीत एकाखाली एक लिहायचं, म्हणून काम झटपट होई. आणि सातबाऱ्याचं पान खराब झालं, तर जुन्या पानावर वहीतल्या नोंदी क्रमानं चढवून ते पुन्हा उभं करता येई.

आता संगणकाकडे येऊ. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच्या काही आठवडे आधी अमेरिकेत आयबीएम कंपनीनं हार्ड डिस्क असलेलं पहिलं यंत्र जाहीर केलं. पन्नास मोठ्या तबकड्या आणि त्यावर सुमारे पन्नास लाख अक्षरं. यंत्रं पुढे लहान झाली, पण फिरती तबकडी आणि सरकता हात हे दुखणं राहिलं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे आठ मिलिसेकंद लागतात. त्यात हात सरकवण्याचा वेळ मिळवला, तर विखुरलेल्या जागी सेकंदाला शंभराच्या आतच नोंदी होतात. एकापुढे एक लिहीत गेलं, तर मात्र हात सरकवावा लागत नाही आणि वेग कितीतरी पट वाढतो. म्हणून डेटाबेसवाल्यांनीही आपल्या पटवाऱ्याचाच मार्ग धरला. आधी बदल नोंदवहीत, नंतर सवडीनं मूळ पानावर. आयबीएममधल्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या पद्धतीची तपशीलवार मांडणी केली.

१९८८ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातून अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडण्याची 'रेड' ही कल्पना पुढे आली. १९८८-८९मध्येच केंद्र सरकारनं जमीन दप्तराच्या संगणकीकरणासाठी देशात आठ जिल्हे निवडले, त्यात आपल्या विदर्भातला वर्धा होता. 'रेड'चे प्रकार अनेक. पाचव्या प्रकारात जागा वाचते, पण एका छोट्या नोंदीसाठी डिस्कवर चार कामं होतात: दोन वाचायची, दोन लिहायची. जोडीजोडीनं आरशासारख्या प्रती ठेवल्या, तर दोनच. दप्तरात छोट्या नोंदीच जास्त, म्हणून तिथं आरसाच बरा.

डिस्क हे कपाट, तर फाइल सिस्टीम म्हणजे बस्ते लावण्याची रीत. तीही स्वतःची नोंदवही ठेवते. लिनक्समध्ये अशी सोय असलेली 'ईएक्सटी-थ्री' ही रीत २००१ साली आली. फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहून ठेवायची, अशीही तिची एक खोड. ती बंद केली, तर फुकटची लिखापढी वाचते.

हे शहाणपण मला एका चुकीतून आलं. एका कार्यालयात मी डेटाबेस सांभाळायचो. जूनचे दिवस, पीककर्जासाठी कागद घ्यायला वरांड्यात रांग. यंत्र हळू चालत होतं. मी डिस्ककडून 'लिहिलं' अशी पक्की पोच येईपर्यंत थांबण्याची अट काढून टाकली. रांग भराभर सरकू लागली, माझं कौतुक झालं. दहा दिवसांनी ऐन कामात वीज गेली. सकाळी पाहतो, तर शेवटच्या तासाभरातल्या नोंदी गायब! एक म्हातारे शेतकरी हातातला कागद दाखवत म्हणाले, "साहेब, काल तं माहं नाव होतं, आज कुठी गेलं?"

मी खाली मान घातली. "बाबाजी, चूक माझी आहे," एवढंच म्हणालो. डिस्कनं नोंद आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवून 'झालं' म्हटलं होतं, म्हणजे ती पेन्सिलच होती. मी तिला शाई समजलो. कागदी फेरफार वही शाबूत होती, म्हणून नोंदी पुन्हा चढवता आल्या. मग अट परत लावली, डेटाबेसच्या नोंदवहीला डिस्कची वेगळी जोडी दिली आणि वीज गेली तरी स्मृती टिकवणारा बॅटरीचा कंट्रोलर बसवला. रांग पुन्हा लांबली नाही. वेग मांडणीतून मिळत होता, मी तो विश्वास गहाण टाकून मिळवायला निघालो होतो.

१ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. आता न फिरणाऱ्या, चिपवरच्या डिस्क आल्या आहेत, त्यांना हातच नाही. पण तात्पुरती स्मृती त्यांच्यातल्या बहुतेकांनाही असते आणि वीज गेल्यावर ती वाचवण्याची सोय प्रत्येकीत नसते. म्हणून नवं यंत्र कितीही वेगवान असो, घेणाऱ्यानं एक प्रश्न जरूर विचारावा: हे 'लिहिलं' म्हणतं, तेव्हा ते शाईनं लिहिलेलं असतं की पेन्सिलीनं?