मांजराच्या ओरखड्याचा इतिहास

बाळाचे रक्षण करणारी देवता म्हणून षष्ठीची पूजा भारताच्या फार मोठ्या भागात होते. महाराष्ट्रात सहाव्या रात्री जिची वाट पाहिली जाते ती सटवाई हे तिचेच लोकरूप मानले जाते. या देवतेचे वाहन मांजर. बंगालमधील व्रतकथेत धाकटी सून चोरून खाते आणि आळ मांजरीवर घेते. दुखावलेली मांजरी तिची मुले एकामागून एक उचलून नेते. लेकरांची राखणदार आणि लेकरांना धोका, ही दोन्ही नाती एकाच प्राण्याशी जोडणारी ही कथा रचणाऱ्यांना जीवाणू किंवा विषाणू ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मांजर आणि तान्हे मूल एका छपराखाली राहते तेव्हा काय घडते, हे मात्र त्यांना नक्कीच ठाऊक होते.

भारतीय घरात मांजर बहुधा लाडासाठी आले नाही, उंदरांसाठी आले. तिला कोणी आणले नाही, हाकलले नाही, एवढाच तिचा हक्क. कुत्र्याप्रमाणे तिची निवडक पैदास झाली नाही. शिकारी प्राण्याची अंगलट आणि आत ओढून घेता येणाऱ्या नख्या जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले मांजर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. इतक्या दीर्घ सहवासानंतरही शेपूट ओढणाऱ्या, पोटाशी घट्ट धरणाऱ्या मुलाला ती बोचकारते. यात दुष्टावा नाही. पिलू दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसाचा हात लागला नाही, तर पुढे ते हाताला बिचकते, हे गेल्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रयोगांनी दाखवले. वाड्याच्या माळ्यावर जन्मलेल्या पिलाला त्या काळात माणूस दिसतही नाही; दिसतो तेव्हा तो पाठलाग करणारे मूल म्हणून.

या ओरखड्याकडे घरातील मोठ्यांनी शतकानुशतके एकाच नजरेने पाहिले: हळद लावा, आपोआप भरून येईल. बहुतेक वेळा ते भरूनही येई. म्हणूनच ज्या थोड्या वेळा तसे होत नसे, त्यांचा मांजराशी असलेला संबंध ओळखायला वैद्यकाला फार उशीर लागला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा मांजराची बाजू काही काळ फारच बळकट झाली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरची पिसू हाच प्लेगचा दुवा असल्याचे प्रयोगाने दाखवले. त्यांच्या म्हणण्याकडे प्रथम फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने गिनिपिगांचे पिंजरे जमिनीवर ठेवून आणि उंच टांगून तेच पुन्हा सिद्ध केले. पिसूला जेथवर उडी मारता येई तेथवरचेच प्राणी मरत. त्याच सुमारास वऱ्हाडात, अमरावतीस सिव्हिल सर्जन असलेले अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावची मांजरे मोजण्याचा उद्योग आरंभला. जेथे मांजरे भरपूर तेथे प्लेग कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि १९०८ मध्ये तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या कसोटीला ही गणना पुरेशी ठरणार नाही. मांजरे जास्त असलेली गावे इतरही बाबतींत वेगळी असू शकतात. शिवाय मांजराला स्वतःला प्लेग होतो आणि त्याच्या चाव्यातून वा ओरखड्यातून तो माणसाला होऊ शकतो, हे पुढे अमेरिकेच्या पश्चिम भागात दिसून आले. तरीही रोगाच्या हिशेबात घरातल्या मांजराला जागा देणारा ब्यूकॅनन यांचा प्रयत्न विसरण्याजोगा नाही. आणि त्या काळात वैज्ञानिकांच्या नजरेत आलेली पिसू या इतिहासात पुन्हा येणार आहे.

ओरखड्याची खरी भीती मात्र दुसऱ्याच रोगाने शिकवली. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली. त्यानंतर काही वर्षे भारतातून, विशेषतः लष्करातून, रुग्ण थेट पॅरिसला पाठवले जात. बोटीने अनेक आठवडे लागत. रोगाचा अधिशयन काळ लांब असतो म्हणूनच त्या प्रवासाला काही अर्थ होता. १९०० मध्ये कसौलीच्या डोंगरावर पाश्चर संस्था उघडली आणि तिचे पहिले संचालक डेव्हिड सेंपल झाले. दक्षिणेत एका इंग्रज तरुणीचा रेबीजने मृत्यू झाल्यावर तशाच संस्थेची मागणी जोर धरू लागली, आणि हेन्री फिप्स या अमेरिकी दानशूराच्या देणगीतून १९०७ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे दुसरी संस्था उभी राहिली.

सेंपल यांनी १९११ मध्ये तयार केलेली लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. मेंदूत वाढवलेला विषाणू फिनॉलने मारला की तो दूर पाठवता येई, आणि उपचारासाठी डोंगर चढून जाण्याची गरज उरत नसे. भारतासारख्या देशात ही सोय लहान नव्हती. पण लसीत विषाणूबरोबर मेंदूचा अंशही टोचला जाई. काही रुग्णांचे शरीर त्या परक्या मज्जातंतूंविरुद्ध लढता लढता स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटे आणि अर्धांगासारखे विकार होत. दिवसामागून दिवस पोटावर घ्यावी लागणारी इंजेक्शने हा तिचा दुसरा जाच. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हे शब्द घरोघरी मुलांना धाक घालण्यासाठी वापरले गेले, आणि त्या धाकाने एक अनर्थ केला: मांजराने बोचकारले तर मूल ते लपवू लागले. पेशीसंवर्धनावर बनवलेली, मेंदूविरहित लस १९७० च्या दशकात सिद्ध झाली. इराणमध्ये पिसाळलेल्या कुत्र्या-लांडग्यांनी चावलेल्या ४५ जणांना ती दिली गेली आणि सर्व वाचले, हे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. किमतीमुळे भारतातील सरकारी रुग्णालयांत मात्र मेंढीच्या मेंदूची लस आणखी कित्येक वर्षे चालू राहिली. तिचे उत्पादन थांबले ते डिसेंबर २००४ मध्ये. २००६ मध्ये त्वचेच्या आत अगदी थोड्या मात्रेत लस देण्याच्या पद्धतीस मान्यता मिळाली. तीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटर पुरते. पोटाचा संबंध उरला नाही. धाक मात्र अजून टिकून आहे.

रेबीजचा विषाणू नखीत तयार होत नाही, तो लाळेत असतो. मांजर दिवसाकाठी कितीदा तरी पंजे चाटते, एवढ्यावरून ओरखड्याचे कोडे सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत रक्त न आलेला ओरखडाही दुसऱ्या वर्गात येतो आणि त्याला लस सांगितलेली आहे. कातडी फाटून रक्त आले तर तो तिसरा वर्ग, म्हणजे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. त्याआधीची पायरी सर्वात स्वस्त आहे: वाहते पाणी आणि साबण, पूर्ण पंधरा मिनिटे. हळद, चुना, मिरची या सगळ्यांची जागा तिने घ्यायची आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय कृती आराखड्याने २०३० पर्यंत रेबीज संपवण्याचे ध्येय ठेवले, पण त्याच्या नावातच ‘कुत्र्यांमार्फत होणारा’ असे शब्द आहेत. मृत्यूंची संख्या पाहता ते योग्यच आहे. घरातल्या मांजरीला लस टोचायची असते, हे त्या नावातून कोणाच्या ध्यानी येणार नाही, एवढे खरे.

आता दुसरा रोग. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांना १९३० च्या दशकाच्या आरंभापासून अशी मुले दिसत होती, ज्यांच्या काखेत वा मानेत गाठ फुगे, पू होई, तापही येई, पण क्षयाचा पुरावा मिळत नसे. हातावर मांजराचे ओरखडे मात्र असत. अमेरिकेत सिनसिनाटीला ली फोशे यांनाही तेच दिसत होते. १९५० मध्ये देब्रे आणि सहकाऱ्यांनी या रोगाचे रीतसर वर्णन केले. रोगाला नाव मिळाले, पण कारण सापडेना. निदानासाठी एका रुग्णाच्या गाठीतील पू निर्जंतुक करून दुसऱ्याच्या कातडीत टोचून पाहिला जाई. ही चाचणी अनेक दशके चालली, ही आज वाचताना अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे.

१९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या विकृतिशास्त्र संस्थेत चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या गाठींत प्रथमच बारीक जीवाणू दिसले. १९८८ मध्ये एक जीवाणू प्रयोगशाळेत वाढलाही, आणि १९९१ मध्ये त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘अफिपिया फेलिस’ ठेवले गेले. गुन्हेगार सापडला असे वाटले. पण तो चुकीचा होता. त्याच सुमारास एड्सच्या रुग्णांत कातडीवर तांबड्या गाठी आणणारा एक वेगळाच जीवाणू शोधला जात होता. तो वेगळा काढण्यात डायन हेन्सेल या तंत्रज्ञ स्त्रीचा मोठा वाटा असल्याने त्याला ‘हेन्सेली’ हे नाव मिळाले. १९९२ मध्ये अटलांटा येथील रसेल रेग्नेरी यांच्या चमूने मांजर-ओरखडा रोगाचे ४१ रुग्ण तपासले, तेव्हा ३६ जणांच्या रक्तात याच जीवाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. एड्सच्या वॉर्डातून निघालेल्या वाटेने लहान मुलांच्या काखेतील गाठीचे कोडे सुटले. आज हा जीवाणू ‘बार्टोनेला हेन्सेली’ म्हणून ओळखला जातो.

मग मांजरांची पाळी आली. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ६१ मांजरांपैकी २५ जणींच्या रक्तात तो जिवंत सापडला, आणि त्या मांजरी तंदुरुस्त होत्या. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील ब्रुनो शोमेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बाधित मांजरीच्या अंगावरील पिसवा निरोगी पिलांवर सोडल्या की पिले बाधित होतात. पिसवा नसतील तर एकत्र राहूनही होत नाहीत. जीवाणू पिसवेच्या विष्ठेतून बाहेर पडतो, मांजरीने अंग खाजवले की ती विष्ठा नख्यांखाली जाते, आणि तीच नखी मुलाच्या हातावरून फिरते. परळमध्ये उंदरावरच्या पिसवेने जे शिकवले होते, त्याचेच हे मवाळ रूप. कनेटिकटमधील एका अभ्यासात वर्षाखालील पिलू, त्याचा ओरखडा आणि त्याच्या अंगावरील पिसवा यांचा या रोगाशी संबंध दिसला होता. तो आता उलगडला. म्हातारी, आळशी मांजरी या बाबतीत बरीच निरुपद्रवी. मुले ज्याच्याशी खेळतात ते पिलूच जोखमीचे.

निरोगी मुलात हा रोग बहुधा आपोआप बरा होतो. ओरखड्याच्या जागी काही दिवसांत पुळी येते, एक ते तीन आठवड्यांत जवळची गाठ सुजते आणि काही महिन्यांत उतरते. क्वचित डोळा, यकृत किंवा मेंदूपर्यंत तो पोहोचतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत तो गंभीर होऊ शकतो. भारतात त्याची अडचण निराळी आहे. मुलाच्या मानेत किंवा काखेत गाठ आली की येथे पहिली शंका क्षयाची येते, आणि क्षयाचे प्रमाण पाहता ती यायलाच हवी. सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्ही रोगांतील पेशींचे पुंजके एकमेकांची आठवण करून देतात. क्षयाचा जंतू सापडत नाही आणि केवळ पुंजक्यांवरून औषध सुरू करण्याची वेळ येते, तेव्हा एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत: घरात मांजराचे पिलू आहे का? तो विचारला, तर हातावरील जुना ओरखडा दाखवायला मूल सहसा तयार असते, जर ‘पोटात चौदा इंजेक्शने’ त्याला आधीच कोणी सांगितली नसतील.